आमच्या ताटातील विज्ञान : डॉ. बी. जी. एल. स्वामी यांचे कन्नड लेखन

ज्ञान मूठभरांच्याच भाषेत कोंडून राहिले, तर त्याचे वारसदारही मूठभरच राहतात, हे आम्हां बहुजनांना इतिहासाने शिकविले आहे. म्हणूनच तथागतांनी लोकांच्या बोलीत धम्म सांगितला आणि परदेशात इंग्रजीतून प्रबंध लिहिणाऱ्या बाबासाहेबांनी १९२० साली ‘मूकनायक’ मात्र मराठीत काढला. विद्येच्या या लोकाभिमुख परंपरेशी नाते सांगणारे एक शास्त्रज्ञ आपल्या शेजारच्या कर्नाटकात होऊन गेले. त्यांची ओळख या स्मरणिकेच्या वाचकांना करून द्यावी, असे आम्हांस वाटते.

डॉ. बी. जी. एल. स्वामी हे वनस्पतिशास्त्रज्ञ. प्रसिद्ध कन्नड साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पा यांचे सुपुत्र. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात प्रा. बेली यांच्यासमवेत त्यांनी संशोधन केले आणि एका वनस्पतीला या गुरूंचे नाव देऊन कृतज्ञता व्यक्त केली. पुढे मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. त्यांचे शोधनिबंध इंग्रजीत आहेत. सामान्य वाचकांसाठी मात्र त्यांनी कन्नड भाषा निवडली.

‘हसुरु होन्नु’, म्हणजे ‘हिरवे सोने’, हा त्यांचा गाजलेला ग्रंथ. विद्यार्थ्यांना घेऊन रानावनांत केलेल्या अभ्याससहलींची ती हकिकत आहे. थट्टामस्करी, फजिती, पायपीट हे सारे त्यात आहे आणि त्या ओघातच झाडांची शास्त्रीय ओळख होते. चित्रेही स्वामींनी स्वतः काढली. या ग्रंथास १९७८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८० साली स्वामींचे निधन झाले.

त्यांच्या दुसऱ्या एका पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘आमच्या पोटात दक्षिण अमेरिका’ असा आहे. आपल्या रोजच्या आहारातील किती वनस्पती त्या दूरच्या भूमीतून आल्या, हा त्याचा विषय. मिरची, बटाटा, भुईमूग, काजू, अननस, पपई ही सारी मुळात अमेरिका खंडातील पिके. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर मिरची गोव्याच्या किनाऱ्यावर आली. त्यापूर्वी आपल्याकडे तिखटपणासाठी मिरी वापरीत. भाषेने ही आठवण जपली आहे. कन्नडमध्ये मिरीला ‘मेणसु’ आणि मिरचीला ‘मेणसिनकायि’ म्हणतात. मराठीतील ‘मिरची’चे नातेही मिरीशीच आहे. ‘बटाटा’ हा शब्द तर थेट पोर्तुगीज.

इतिहासाच्या तासाला आम्ही हे सांगतो, तेव्हा एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, “गुरुजी, मग उपवासाच्या पदार्थांचे काय?” आम्ही फळ्यावर यादी लिहितो : बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची आणि साबुदाणा ज्यापासून करतात तो कसावा. पाचही अमेरिका खंडातील! सोवळ्याच्या ताटात सातासमुद्रापलीकडची पिके निमूटपणे बसली. त्याच काळात याच मातीत राबणाऱ्या माणसाला मात्र उंबरठ्याबाहेर उभे केले गेले. हा विरोधाभास मुलांना समजावून सांगावा लागत नाही. वर्ग क्षणभर शांत होतो, तो समजल्यामुळेच.

मातृभाषेतील विज्ञानाचे सामर्थ्य ते हेच. ते आपल्या ताटापासून सुरू होते आणि प्रश्न विचारायला शिकविते. आमचे अनेक विद्यार्थी दहावीपर्यंत मराठीतून उत्तम शिकतात. अकरावीच्या विज्ञान शाखेत इंग्रजी पुस्तक हाती येताच मात्र खचतात. त्यांची बुद्धी कमी पडलेली नसते. भाषेचा पूल बांधलेला नसतो. इंग्रजी त्यांनी शिकलीच पाहिजे. परंतु एखादी कल्पना आधी स्वतःच्या भाषेत उमगली, तर परक्या भाषेतही ती ओळखीची वाटते.

या वसतिगृहातून शिकून गेलेले आमचे विद्यार्थी आज डॉक्टर, अभियंते, परिचारिका, कृषी अधिकारी आहेत. त्यांना आमची विनंती आहे : वर्षातून एक दिवस शाळेत या आणि आपल्या कामातील एक गोष्ट मुलांना सोप्या मराठीत समजावून सांगा. जमल्यास ती लिहूनही काढा. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश आपण पाळला. जे शिकलो ते आपल्या माणसांच्या भाषेत परत आणणे, हे त्या आदेशाचेच पुढचे पाऊल आहे.