अंधारातली शिरगणती

गगनबावड्याला दिवस मावळला, की करूळ घाटाच्या माथ्यावर आकाशात काळे ठिपके भिरभिरू लागतात. पाखरे तर केव्हाच परतलेली असतात. मग ही कोण? ही वटवाघळे! भारतात त्यांच्या सुमारे १३० जाती आहेत. त्यांतल्या किती जाती या एका डोंगरावर राहतात हे तुम्हांला शोधायचे आहे, असे समजा. कसे शोधाल?

पक्षी मोजणाऱ्याला रंग दिसतो, शीळ ऐकू येते. येथे दोन्ही नाही. म्हणून पहिला उपाय जाळ्याचा. नायलॉनच्या अतिशय बारीक काळ्या धाग्यांचे हे जाळे ओढ्यावर किंवा रानवाटेवर दोन काठ्यांना आडवे बांधतात. वटवाघूळ त्यावर आदळते आणि जाळ्याच्या सैल झोळात अलगद पडते. दर दहा-पंधरा मिनिटांनी जाळे पाहावे लागते, नाहीतर प्राणी गुरफटून जखमी होतो. मग हातमोजे घालून त्याला सोडवायचे, वजन करायचे आणि कोपरापासून मनगटापर्यंतची लांबी मोजायची. ही लांबी जात ओळखण्याची मोठी खूण. ती मोजायला काय वापरतात, ठाऊक आहे? तुमच्या प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपर! नोंद झाली की प्राण्याला सोडून देतात.

पण जाळ्यात सापडले नाही म्हणजे ते रानात नाही, असे म्हणता येईल का? मुळीच नाही. उंबराला आलेली फळे खाणारी वटवाघळे जाळ्यात सहज येतात. उंच आकाशात किडे टिपणारी मात्र जाळ्याच्या कितीतरी वरून निघून जातात. घोड्याच्या नालेसारखे नाक असलेल्या काही जाती तर इतक्या तरबेज, की प्रतिध्वनीवरून त्यांना बारीक धागाही कळतो.

यांच्यासाठी दुसरा उपाय, कानाचा. आपल्याला २०,००० हर्ट्झपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. या नालनाक्यांपैकी आपल्या सह्याद्रीतल्या एका जातीचा आवाज ८०,००० हर्ट्झच्या आसपास असतो. १९३८ साली अमेरिकेत डोनाल्ड ग्रिफिन या तरुणाने जॉर्ज पिअर्स यांच्या यंत्रासमोर वटवाघळे नेली, तेव्हा हे मुके समजले जाणारे प्राणी प्रत्यक्षात ओरडत असतात हे उघड झाले. आजची हातात मावणारी यंत्रे तो आवाज खाली उतरवून ऐकवतात आणि टिपूनही ठेवतात. पण फळे खाणाऱ्यांपुढे हे यंत्रही फसते, कारण ती डोळ्यांनी आणि नाकाने वाट काढतात. (गुहेत राहणारी एक जात जिभेने टिकटिक करते, तेवढा अपवाद.)

राहिला तिसरा उपाय, घर शोधण्याचा. याचे उत्तम उदाहरण सह्याद्रीच्याच रांगेत, दक्षिणेला बेळगाव जिल्ह्यात आहे. खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळ बारापेडे नावाच्या गुहा आहेत. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीत १९१२ साली तेथे एक अनोळखी वटवाघूळ मिळाले. १९१३ मध्ये ओल्डफील्ड टॉमस यांनी रॉटन या अभ्यासकाच्या नावावरून त्याचे बारसे केले. पुढे जवळजवळ ९० वर्षे जगाला या जातीचे एवढेच घर ठाऊक होते! त्यानंतर ती मेघालयात आणि कंबोडियातही सापडली. मधल्या काळात ती तेथे नव्हती असे थोडेच आहे?

गगनबावड्यात आणखी एक अडचण आहे, पावसाची. वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस! ओले जाळे वटवाघळाला चुकवता येते, भिजलेला प्राणी गारठतो आणि यंत्रात सरींचाच आवाज भरतो. त्यामुळे बरेचसे काम दिवाळीनंतर.

जाळे लावणे तुमचे काम नव्हे, बरे का! त्याला वनखात्याची परवानगी लागते, आणि रेबीजची लस आधी टोचून घ्यावी लागते. गुहेतही शिरू नका. पिले असताना माणूस आत गेला तर माद्या घाबरून उडतात आणि पिले खाली पडतात. पण गावात मोठी वटवाघळे लटकणारे झाड असेल, तर तिन्हीसांजेला त्यापासून दूर, उजळ आकाश समोर येईल असे बसा. दोघांनी दोन दिशा वाटून घ्या, उडणाऱ्या प्रत्येकासाठी वहीत एक रेघ ओढा. तारीख, वेळ आणि ढग होते की नव्हते, तेही लिहा. पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच जागी बसा.