अंगणातले तण : ओळखा आणि वेळीच उपटा

मृगाच्या सरी पडल्या की आमच्या बाभुळगावात घरोघरचे अंगण हिरवे होते. पाहून बरे वाटते. पण त्यात हरियाली किती आणि तण किती, हे आपण पाहत नाही. आपल्या भगिनी दिवसभर दुसऱ्याच्या शेतात निंदण करतात. स्वतःच्या दाराशी मात्र सवड मिळत नाही. आठवड्याला अर्धा तास दिला तरी पुष्कळ.

पहिला शत्रू गाजरगवत. पाने गाजरासारखी, शेंड्यावर बारीक पांढरी फुले. हे मूळ अमेरिका खंडातले. १९५० नंतरच्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि ते देशभर पसरले. एकेक झाड हजारो बिया टाकते. त्याच्या स्पर्शाने अनेकांना खाज सुटते, पुरळ उठते. परागाने शिंका येतात, दम्याचा त्रास वाढतो. आम्हीही ही खाज बरेच दिवस उष्णतेची समजत होतो. तसे करू नका, डॉक्टरांना दाखवा.

पावसाने जमीन मऊ असताना, फुले येण्यापूर्वी ते मुळासकट उपटा. उघड्या हाताने नको. हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताला बांधा. फुलावर आलेले झाड उकिरड्यावर टाकू नका, बी खताबरोबर शेतात जाते. पानांवर मातकट पाठीचे, काळ्या रेघांचे भुंगे दिसले तर मारू नका. हे मेक्सिकन भुंगे १९८४ साली बंगळूरूत मुद्दाम सोडले गेले. ते गाजरगवतच खातात.

लव्हाळ्याची काडी तीनधारी असते. वरून तोडून उपयोग नाही. जमिनीतल्या गाठी खुरप्याने काढाव्या लागतात. केन्याचा तुटका तुकडाही ओल्या मातीत पुन्हा रुजतो, म्हणून सगळे वेचून घ्या. तरोट्याची कोवळी पाने मात्र भाजीला खुडा. शेंगा धरण्यापूर्वी झाड काढा.

कोणी म्हणेल, एवढे कष्ट कशाला, औषध मारावे. २०१७ साली कपाशीवर कीटकनाशक फवारताना आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तणनाशक वेगळे असले तरी तेही विषच. जेथे आपली लेकरे खेळतात, तेथे ते नकोच.

येत्या रविवारी घरातल्या सर्वांनी मिळून अंगणात उतरावे. पुरुषांनीही. निंदण हे काही एकट्या बाईचे काम नाही.