उच्च रक्तदाबातील बीटा ब्लॉकर औषधे : हृदयगती व रक्तदाबावरील परिणाम

प्रस्तावना :
१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. या शेतीप्रधान जिल्ह्यात हंगामी कामासाठी गाव सोडणारे मजूर आणि आपल्यासारखे बैठे काम करणारे प्राध्यापक यांच्यात एक सवय समान आढळते. ती म्हणजे बरे वाटू लागताच रक्तदाबाची गोळी बंद करणे. बीटा ब्लॉकर औषधांच्या बाबतीत ही सवय विशेष घातक का ठरते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कार्यपद्धती :
ॲड्रिनलिनचा परिणाम अल्फा व बीटा अशा दोन प्रकारच्या ग्राहींमार्फत होतो, असे रेमंड अलक्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडले. त्या आधारे जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल विकसित केले. १९८८ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होत.

अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही औषधे मुख्यतः हृदयातील बीटा-१ ग्राही अडवितात. परिणामी ठोक्यांची गती व आकुंचनाचा जोर घटतो. दर मिनिटाला ८० ठोके व प्रत्येक ठोक्यास ७० मिलिलिटर रक्त धरल्यास हृदय ५.६ लिटर रक्त बाहेर टाकते. ठोके ६० व प्रत्येक ठोक्यास ७५ मिलिलिटर धरल्यास हे प्रमाण ४.५ लिटर होते. रक्तदाब हा या प्रमाणावर व रक्तवाहिन्यांच्या रोधावर अवलंबून असल्याने तो उतरतो. शिवाय मूत्रपिंडातून रेनिन कमी स्रवते व रक्तवाहिन्या आकुंचित करणारे अँजिओटेन्सिन-२ घटते.

मर्यादा व दक्षता :
औषध दीर्घकाळ चालू असता शरीर बीटा ग्राहींची संख्या वाढविते. गोळी एकाएकी थांबविल्यास ॲड्रिनलिनला हे वाढीव ग्राही मोकळे मिळतात. त्यामुळे नाडी व रक्तदाब उसळतात आणि हृदयरोग्यास झटकाही येऊ शकतो. दमेकऱ्यांत श्वासनलिका आकसण्याचा धोका असतो. मधुमेहींमध्ये साखर उतरल्याची खूण असलेली धडधड झाकली जाते. घाम मात्र येतो.

२००२ च्या ‘लाइफ’ अभ्यासात अटेनोलॉलपेक्षा लोसार्टन घेणाऱ्यांत पक्षाघाताचे प्रमाण कमी आढळले. म्हणून अन्य विकार नसलेल्या रक्तदाबात अनेक ठिकाणी ही औषधे प्रथम पसंतीची राहिली नाहीत. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांत मात्र त्यांचे महत्त्व टिकून आहे.

निष्कर्ष :
आकडा उतरला म्हणजे विकार गेला असे नव्हे. तो औषधाने आवरलेला असतो. बीटा ब्लॉकर बंद करावयाचे झाल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करावी. गावाबाहेर जाणाऱ्याने पुरेशा गोळ्या सोबत न्याव्यात. एवढी माहिती वर्गातून विद्यार्थ्यांच्या घरापर्यंत पोहोचविणे आपणास सहज शक्य आहे.