जुन्या पिकअपला डिस्क ब्रेक बसवताना

कांजूरमार्ग स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडले की थोड्याच अंतरावर लालबहादूर शास्त्री मार्ग लागतो. पूर्वेला गेले तर पूर्व द्रुतगती महामार्ग. या दोन्ही रस्त्यांवरून मालाने भरलेल्या पिकअप गाड्या रात्रंदिवस धावत असतात. समजा, त्यांतली एक गाडी जुन्या जीपच्या घडणीची आहे आणि तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पुण्याकडून भाजी भरून घाट उतरताना ब्रेक ‘बसत’ जातो, अशी चालकाची तक्रार आहे. मालक म्हणतो, “पुढच्या चाकांचे ड्रम काढा आणि डिस्क लावा. काम झाले!”

खरेच तेवढ्याने काम होते का? हे ठरवण्यासाठी आपल्याला शाळेत शिकलेले तीनचार नियम पुरेसे आहेत. चला, हिशेब करून पाहू या.

ब्रेक नेमके काय करतो?

ब्रेक गाडी थांबवतो, हे उत्तर अर्धेच आहे. धावत्या गाडीजवळ गतिज ऊर्जा असते आणि ऊर्जा नाहीशी होत नाही. ब्रेक घर्षणाच्या साहाय्याने तिचे उष्णतेत रूपांतर करतो. म्हणून ब्रेक हे एका परीने उष्णता निर्माण करणारे यंत्रच आहे.

आपल्या गाडीचे मालासकट वस्तुमान २००० किलोग्रॅम आणि वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर, धरू. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. हे गणित केले की सुमारे २ लाख ७८ हजार ज्यूल येतात. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाण्याचे तापमान ६६ अंशांनी वाढेल. चहाचे आधण जवळजवळ तयार!

आता चार लोखंडी ड्रमचे एकूण वजन ३२ किलो धरू. एक किलो लोखंड एका अंशाने तापायला सुमारे ४६० ज्यूल लागतात. सगळी उष्णता ड्रममध्येच साठली, तरी एकदा गाडी थांबवल्याने ते फक्त १९ अंशांनी तापतील. म्हणजे शहरात मधूनमधून थांबण्यासाठी ड्रम ब्रेक अगदी पुरेसा आहे. कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी मोटारींना ड्रम ब्रेकच असत आणि त्यांच्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर धावल्या.

अडचण येते ती घाटात. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना उंची सुमारे अर्ध्या किलोमीटरने कमी होते. वस्तुमान, गुरुत्वीय त्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की २००० × ९.८ × ५००, म्हणजे ९८ लाख ज्यूल येतात. हे एकदा थांबण्याच्या ३५ पट आहे. इंजिनाने आणि हवेने काहीच मदत केली नाही आणि सगळी उष्णता त्याच ३२ किलो लोखंडात साठली, तर तापमान सुमारे ६६५ अंशांनी वाढेल. त्या तापमानाला लोखंड अंधारात लालसर दिसू लागते. प्रत्यक्षात बरीच उष्णता वाऱ्यावर जाते आणि खालच्या गिअरमधले इंजिन गाडीला मागे ओढून धरते, म्हणूनच गाड्या सुखरूप उतरतात. पण धोका किती जवळ असतो, हे या आकड्यावरून दिसते.

तापलेल्या ड्रममध्ये काय होते?

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे, डब्यासारखे पोकळ भांडे. आत अर्धगोलाकार दोन ‘शू’ असतात आणि त्यांच्यावर लायनर बसवलेले असतात. पेडल दाबले की शू बाहेरच्या बाजूला फाकतात आणि ड्रमच्या आतल्या अंगावर घासतात. उष्णता निर्माण होते ती डब्याच्या आत, तर वारा लागतो तो बाहेरून.

ड्रम तापला की प्रसरण पावतो. २८ सेंटिमीटर व्यासाचा ड्रम ३०० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सुमारे ०.९ मिलिमीटरने वाढतो. म्हणजे ड्रम शूपासून दूर पळतो आणि पेडल अधिक खोल दाबावे लागते. शिवाय लायनरमधली राळ फार तापली की तिच्यातून वायू निघतात, लायनर आणि ड्रम यांच्यामध्ये वायूचा पातळ थर येतो आणि घर्षण कमी होते. चालक ज्याला ‘ब्रेक बसला’ म्हणतो, ते हेच. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून गाडी गेली, तरी ड्रममध्ये शिरलेले पाणी लवकर निघत नाही आणि पहिले काही क्षण ब्रेक नीट लागत नाही.

मात्र ड्रमजवळ एक मोठा गुण आहे. छत्रीचे टोक जमिनीवर टेकवून ती आपल्या मागून ओढत न्या. ती सहज घसरत येते. आता तीच छत्री तिरकी धरून पुढे ढकला. टोक जमिनीत रुतू पाहते. ढकलावे तितके ते अधिक घट्ट बसते. ड्रममधल्या दोनपैकी एका शूचे असेच होते. फिरणारा ड्रम त्याला स्वतःबरोबर ओढतो आणि त्या ओढीनेच तो ड्रमवर अधिक जोराने दाबला जातो. म्हणजे ड्रम ब्रेक चालकाच्या पायाला मदत करतो. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती महत्त्वाची ठरणार आहे.

तबकडीची युक्ती

डिस्क ब्रेकमध्ये डब्याऐवजी एक लोखंडी तबकडी चाकाबरोबर फिरते. तिच्या दोन्ही बाजूंना पॅड असतात आणि ‘कॅलिपर’ नावाचा चिमटा त्यांच्यामध्ये तबकडी दाबून धरतो. सायकलच्या रिमला दोन्ही बाजूंनी पकडणारे रबर तुम्ही पाहिलेच आहे. तिथे रिम हीच तबकडी. कल्पना नवीन नाही. इंग्लंडमधील फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली अशा ब्रेकचे पेटंट घेतले. मात्र तिचा बोलबाला झाला तो १९५३ साली, फ्रान्समधील ल मान्सची २४ तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वार मोटारीने जिंकली तेव्हा.

तबकडी उघडी असल्याने वारा थेट घासणाऱ्या पृष्ठभागावर लागतो. पुष्कळ तबकड्या दुहेरी असतात आणि मधल्या फटींतून हवा पंख्यासारखी बाहेर फेकली जाते. तबकडी तापून जाड झाली, तर ती पॅडपासून दूर न जाता पॅडकडेच सरकते. तिच्यावरचे पाणीही फिरण्याने उडून जाते. घाटासाठी आणि पावसासाठी डिस्क चांगली, ती या कारणांनी.

तरीही मालकाचे ‘काम झाले’ हे वाक्य अजून खरे होत नाही.

पायाचे बळ पुरते का?

तबकडीत छत्रीची युक्ती नाही. पॅड तबकडीवर सरळ दाबले जातात. फिरणारी तबकडी त्यांना आणखी दाबत नाही. मग पायाचे बळ पुरेल का?

चालकाने पेडलवर ३०० न्यूटन बल लावले, म्हणजे सुमारे ३० किलो वजनाइतके. पेडल ही तरफ आहे. ती बल पाचपट करते, असे धरू. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १५०० न्यूटन बल आले. दट्ट्याचे क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर असेल, तर ब्रेक ऑईलमधला दाब चौरस सेंटिमीटरला ३७५ न्यूटन होईल. पास्कलच्या नियमाप्रमाणे हाच दाब कॅलिपरपर्यंत पोचतो. तिथल्या दट्ट्याचे क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर असेल, तर पॅडवर ७५०० न्यूटन बल येते. घर्षणांक ०.४ आणि घासणाऱ्या बाजू दोन, म्हणून तबकडीवरचे घर्षणबल ६००० न्यूटन.

हे बल चाकाच्या मध्यापासून १२ सेंटिमीटरवर लागते, पण टायर रस्त्याला टेकतो तो ३५ सेंटिमीटरवर. म्हणून रस्त्यावर एका चाकामागे सुमारे २०६० न्यूटन आणि पुढच्या दोन चाकांचे मिळून ४१२० न्यूटन बल मिळते. २००० किलोच्या गाडीत त्यामुळे मंदन होईल सेकंदाला सेकंदाला फक्त २ मीटर! कोरड्या रस्त्यावर टायरची पकड ७ मीटरपर्यंत मंदन सोसू शकते. म्हणजे नवीन डिस्क लावूनही गाडी पूर्वीपेक्षा वाईट थांबण्याची शक्यता आहे.

यावर उपाय म्हणजे बूस्टर. ही पातळ पत्र्याची मोठी डबी असते आणि तिच्यात एक पडदा असतो. पडद्याच्या एका बाजूची हवा काढून घेतात. पेडल दाबले की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा येते आणि वातावरणाचा दाब पडद्याला पुढे ढकलतो. पडद्याचा व्यास २० सेंटिमीटर आणि दाबातला फरक चौरस सेंटिमीटरला ७ न्यूटन धरला, तर सुमारे २२०० न्यूटन बल मिळते. पायाचे १५०० त्यात मिळवा, म्हणजे ३७०० झाले. आता एकट्या पुढच्या चाकांमुळे मंदन ५ मीटर होते आणि मागचे ड्रम त्यात भर घालतात.

डिझेल इंजिनात ही निर्वात पोकळी आपोआप मिळत नाही. तिच्यासाठी वेगळा पंप लागतो. आपल्याकडे तो पुष्कळदा अल्टरनेटरलाच जोडलेला असतो. आणि इंजिन बंद झाले की पंपही बंद! बूस्टरमधली शिल्लक पोकळी दोनतीन वेळा पेडल दाबेपर्यंतच पुरते. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून घाट उतरणे जीवघेणे का, ते आता स्पष्ट होईल. त्यात बूस्टरची मदत जाते आणि इंजिनाची ओढही जाते.

मास्टर सिलिंडरसुद्धा तपासावा लागतो. कॅलिपरच्या मोठ्या दट्ट्यांना जास्त ऑईल लागते. जुन्या सिलिंडरमधून तेवढे गेले नाही, तर पेडल तळाला टेकते. मोठा सिलिंडर बसवावा तर ऑईल जास्त जाते, पण त्याच बलाने दाब कमी मिळतो. दोहोंचा मेळ घालावा लागतो. ड्रमसाठी बनवलेल्या पुष्कळ जुन्या सिलिंडरांत पेडल सोडल्यावरही थोडा दाब राखून ठेवणारी झडप असते. ती तशीच राहिली, तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतात आणि घाट नसतानाही ब्रेक तापतो.

पुढे किती, मागे किती?

बस एकदम थांबली की उभे प्रवासी पुढे झुकतात. गाडीचा भारही तसाच पुढच्या चाकांवर जातो. आपल्या पिकअपचा गुरुत्वमध्य ०.७ मीटर उंचीवर आणि पुढच्या-मागच्या आसांतले अंतर २.५ मीटर धरू. ६ मीटरच्या मंदनाला सुमारे ३४० किलो वजनाइतका भार मागून पुढे सरकतो. म्हणून जास्त ब्रेक पुढेच लागतो आणि बदल करताना डिस्क आधी पुढे लावतात.

रिकाम्या पिकअपचा मागचा भाग मुळातच हलका. मागचा ब्रेक प्रमाणाबाहेर लागला, तर मागची चाके फिरायची थांबून घसरू लागतात आणि गाडी गर्रकन आडवी होते. हे टाळण्यासाठी मागच्या ऑईलचा दाब मर्यादित ठेवणारी झडप लागते. मालाच्या भाराप्रमाणे मागचा दाब कमीजास्त करणाऱ्या झडपाही असतात.

मग मालकाला काय सांगायचे?

डिस्क हा एकटा सुटा भाग नाही. तिच्याबरोबर कॅलिपर, मास्टर सिलिंडर, बूस्टर, पंप आणि झडपा या सगळ्यांचा एकमेकांशी मेळ बसायला हवा. गाडीच्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी तयार केलेला पूर्ण संच जाणत्या मेकॅनिककडून बसवणे, हाच सुरक्षित मार्ग. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमात वाहनातील फेरबदलांवर निर्बंध आहेत. तेव्हा काम करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारलेले बरे. जुने ड्रम उघडताना आतली धूळ फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसांना घातक आहे.

ब्रेक ऑईलकडेही दुर्लक्ष नको. ते हवेतली वाफ शोषते. ‘डॉट ३’ जातीचे नवे ऑईल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेले ऑईल १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. नळीत वाफेचे बुडबुडे झाले की पेडलचा जोर ते बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो आणि चाकापर्यंत पोचत नाही. मुंबईसारख्या दमट हवेत ऑईल वेळच्या वेळी बदलणे म्हणूनच महत्त्वाचे.

शेवटी एक गोष्ट. ब्रेक कितीही उत्तम असला, तरी गाडीला थांबवणारे बल टायर आणि रस्ता यांच्यामधूनच येते. गुळगुळीत झालेले टायर तसेच ठेवून डिस्कवर पैसे खर्च करणे व्यर्थ आहे.

करून पाहा

१) ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी ७ मीटर मंदनाने सुमारे २० मीटरांत थांबते. ओल्या रस्त्यावर मंदन ४ मीटर मिळाले, तर किती अंतर लागेल? पाय पेडलवर पोचायला एक सेकंद गेला, तर त्यात किती मीटर मिळवावे लागतील?

२) वेग दुप्पट झाला, तर ब्रेकमध्ये निर्माण होणारी उष्णता किती पट होईल?

३) तुमच्या रस्त्यावरच्या रिक्षा, स्कूटर, मोटारसायकली आणि टेम्पो उभे असताना त्यांची चाके न्याहाळा. कोणाला ड्रम, कोणाला डिस्क, आणि डिस्क पुढे की मागे, याचा तक्ता करा. त्यामागचे कारण वर्गात मांडा.

(उत्तरे : १. सुमारे ३५ मीटर. आणखी सुमारे १७ मीटर. २. चौपट.)