वृक्षांचा व श्वानांचा सखा : डॉ. होमी भाभा

थोर पुरुषांचे मोजमाप आपण बहुधा त्यांच्या विद्येवरून व कर्तृत्वावरून करतो. ते योग्यच आहे. परंतु ज्यांस वाचा नाही, अशा वृक्षांशी व मुक्या प्राण्यांशी मनुष्य कसा वागला, हेही त्याच्या स्वभावाचे एक माप होय. तेथे मानपत्र मिळत नाही की टाळ्या पडत नाहीत. या मापाने पाहता डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे चरित्र घरातील लहानथोरांनी एकत्र बसून वाचावे असे आहे.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. केंब्रिज येथे त्यांनी विद्या संपादन केली. १९४५ साली त्यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली, १९४८ साली ते अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले, आणि १९५६ साली ट्रॉम्बे येथे 'अप्सरा' ही आपली पहिली अणुभट्टी सुरू झाली. एवढा व्याप सांभाळणाऱ्या पुरुषास फुलझाडांकडे पाहण्यास सवड कोठून मिळणार, असे कोणासही वाटेल. पण त्यांनी ती काढली. ट्रॉम्बे येथील प्रयोगशाळांबरोबरच तेथील उद्यानांची आखणीही त्यांनी जातीने पाहिली. कुलाब्यास समुद्रकाठी संशोधन संस्थेची इमारत उभी राहिली, तिच्या आवारातही हिरवळ आणि बाग यांना मानाचे स्थान मिळाले.

त्यांची खरी कसोटी लागे ती वाढलेल्या वृक्षापाशी. बांधकामाच्या आड झाड आले की कुऱ्हाड हा आपला सोपा उपाय. भाभांना तो मान्य नसे. त्यांनी मोठमोठे वृक्ष मुळांसह उचलवून अन्यत्र लावविले. हे काम किती चिकाटीचे आहे, हे बागाईत करणारास ठाऊक आहे. प्रथम फांद्या छाटून पाने कमी करावी लागतात. मग बुंध्याभोवती चर खणून मुळे बेताबेताने तोडतात. मातीचा गोळा, ज्यास माळी हुंडी म्हणतात, तो गोणपाटात घट्ट बांधून झाड उचलतात, आणि नव्या खड्ड्यात बसविल्यावर आधार देऊन त्याला दीर्घकाळ पाणी घालावे लागते. इतके करूनही झाड जगेलच असे नाही.

त्यांनी विवाह केला नाही. परंतु घरी 'क्यूपिड' नावाचा एक लाडका कुत्रा होता. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाकडे जात असता त्यांचे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. धनी परतला नाही, तेव्हा क्यूपिडने अन्न सोडले व थोड्याच काळात तोही गेला, असे सांगतात. महाप्रस्थानाच्या वेळी युधिष्ठिराने श्वानास सोडून स्वर्गात जाण्याचे नाकारले, ही कथा आपण जाणतोच. येथे सोबत सोडण्याचे नाकारले ते श्वानाने.

हे सारे आज लिहिण्यास एक घरगुती कारण आहे. आमच्या नांदुऱ्याच्या घरामागे एक चिंच होती. वीस वर्षांमागे शेजारची भिंत तिच्या मुळांनी उकलते म्हणून ती तोडावयाचे ठरले, आणि वडील या नात्याने होकार मी दिला. शाळेत वृक्षांचा महिमा शिकविणारा मी. पण त्या दिवशी दुसऱ्या उपायाचा विचारही केला नाही. आमचा मोती रोज दुपारी तिच्याच सावलीत पडे. झाड गेल्यावर तो कित्येक दिवस त्याच जागी उन्हात जाऊन उभा राही व मग आमच्याकडे पाही. वऱ्हाडातील वैशाखाचे ऊन ज्यांनी सोसले आहे, त्यांस त्या पाहण्याचा अर्थ सांगावयास नको.

गेल्या वर्षी धाकट्या बंधूंच्या चिरंजीवाचे लग्न ठरले. नव्या खोलीसाठी अंगणातील कडुनिंब काढावा, असे निघाले. रात्री जेवणे झाल्यावर सर्व मंडळी ओसरीवर बसली असता मी भाभांची हकीकत सांगितली. ती ऐकून माझा नातू म्हणाला, "आजोबा, त्यांनी एवढाले वृक्ष हलविले, मग आपल्याला एक भिंत हलवता येत नाही?"

क्षणभर कोणी बोलले नाही. मग बंधू म्हणाले, "दादा, खोली दोन हात लहान झाली तर काय बिघडेल?" नव्या सूनबाईंनाही विचारून घेतले, त्यांनी आनंदाने संमती दिली.

खोली लहान झाली, निंब राहिला. तोडलेली चिंच त्याने परत येत नाही, हे मी जाणतो. मोतीही आता नाही. पण दुपारी निंबाखाली आळीतील एक भटका कुत्रा येऊन निजतो, आणि त्यास कोणी हाकलीत नाही.