विकणाऱ्याला काय ठाऊक आहे?

शिरोलीची मेनन पिस्टन्स, गोकुळ शिरगावची मेनन बेअरिंग्ज : कोल्हापूरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या मोजक्याच. लहान कंपन्यांच्या शेअरमध्ये उलाढाल बेताची असते. समजा, अशा एखाद्या शेअरला घेणारा 100 रुपये देतोय आणि विकणारा 102 मागतोय. घेऊन लगेच विकला, तर दोन रुपये गेले.

हे अंतर नुसतं गिऱ्हाईक कमी म्हणून पडत नाही. समोरच्याला आतली बातमी असेल तर, ही धास्तीही त्यात असते. अर्थशास्त्रज्ञ ग्लॉस्टन आणि मिलग्रोम यांनी 1985 मध्ये हे गणिताने मांडलं. पुढच्याच वर्षी अमिहुद आणि मेंडेलसन यांनी दाखवलं, की असं अंतर जास्त असलेल्या शेअरवर गुंतवणूकदार जास्त परतावा मागतात. म्हणजे आज भाव कमी द्यायचा. कंपनीला मग भांडवल महाग पडतं आणि नव्या भट्टीचा बेत लांबतो.

उलटही घडतं : भांडवल स्वस्त पडलं, की विस्ताराचे बेत लवकर निघतात. झपाट्याने विस्तारणाऱ्या कंपन्यांच्या शेअरनी नंतर सरासरीने कमी परतावा दिल्याचं अमेरिकी बाजाराच्या अभ्यासात आढळलं. स्वस्त भांडवलामुळे, की मालकांच्या अति उत्साहामुळे, यावर अजून वाद आहे. मला दुसरं कारण जास्त पटतं.

आतल्या बातमीची ती धास्ती कमी करायला नियमही आहेत. बाजार नियामक सेबीच्या 2015 च्या नियमांनुसार तिमाही संपल्यापासून निकालानंतर 48 तासांपर्यंत कंपनीच्या आतल्या मंडळींना तिच्या शेअरचे व्यवहार बंद असतात. आणि चहाच्या टपरीवर कानी पडलेली, भावावर परिणाम करणारी गुप्त बातमी वापरून शेअर घेणाराही कायद्याने ‘आतला’च ठरतो.