नववीनंतर मैदान बंद?

नववीचा निकाल लागला की वडाळा नाका, द्वारका, भद्रकाली भागातल्या कितीतरी घरांत एकच फर्मान निघते : "आता खेळ बंद, क्लास सुरू." दहावीला चांगले गुण पडले तरच नावाजलेल्या खासगी कॉलेजात अकरावीला जागा मिळणार, हा हिशेब. तो चूक नाही, पण अर्धाच आहे.

मान्यताप्राप्त खेळांत ठराविक स्तरांपर्यंत खेळलेल्या विद्यार्थ्यांना आपले राज्य मंडळ दहावी-बारावीत सवलतीचे क्रीडागुण देते, जास्तीत जास्त 25. अकरावीच्या केंद्रीय प्रवेशात खेळाडूंसाठी वेगळ्या जागाही असतात. जिथे दोन-तीन गुणांनी कॉलेज हुकते, तिथे हे गुण कामी येतात. मात्र गल्लीतल्या टेनिस बॉल स्पर्धेचा कप इथे चालत नाही. शासनाच्या शालेय स्पर्धांतली किंवा मान्यताप्राप्त संघटनेची कामगिरी लागते.

झहीर खान आपल्या शेजारच्या श्रीरामपूरचा. इंजिनिअरिंग सोडून तो क्रिकेटकडे वळला. मुले हा दाखला फार देतात, पण असा झहीर लाखांत एक. म्हणून अभ्यास सुटता कामा नये, हे मी वर्गात ठणकावून सांगते. सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10 हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, तेही आपल्याच नाशिक जिल्ह्यातून. तिच्यासारखी जिद्द आपल्या मुलींत नाही असे थोडेच आहे! त्यांचा खेळ बहुधा अभ्यासासाठी नव्हे, तर "आता मोठी झाली" म्हणून सुटतो. कपड्यांची अडचण असेल तर अम्मीने थेट क्रीडाशिक्षकांशी बोलावे. पूर्ण बाह्या आणि ट्रॅक पँट घालून कितीतरी मुली खेळतात.

वेळेचे म्हणाल तर पहाटेचा एक तास मैदानाला, संध्याकाळ अभ्यासाला. रात्रीचा मोबाईल तेवढा काढून घ्या, वेळ आपोआप निघतो. परीक्षेआधीचे दोन महिने सराव कमी करावा.

आणखी एक. क्रीडागुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जातो. मुदत शाळेत आधीच विचारून ठेवा. प्रमाणपत्रावरचे नाव शाळेच्या दाखल्याशी ताडून पाहा. आपल्याकडे एकाच मुलाचे नाव कुठे शेख मोहम्मद, कुठे मोहंमद शेख असे असते. ही दुरुस्ती स्पर्धा झाल्याबरोबर करून घ्यावी.